यंत्राला न दिसलेले फटके

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये खोकी उपसत बसले होते. "काकू, यंदाच्या अंकात तुमच्या जॉबवर लिहा ना. पण हलकंफुलकं हं, दिवाळीचं आहे." मी म्हटलं, लिहिते, पण हलकंफुलकं होईलच असं नाही. ती हसली. मी मस्करी करतेय असं तिला वाटलं असावं.

इथे मिशिगनमध्ये, आमच्या नोव्हायला, अर्धं मराठी मंडळ गाड्यांच्या धंद्यात आहे. कुणी ब्रेकवाला, कुणी बॅटरीवाला, कुणी नुसता सीटचा फोम बघतो. मीसुद्धा पंधरा वर्षं तिथेच काढली. वॉरंटीत परत आलेले पार्ट मोजायचे आणि कुठला पार्ट किती मैलांवर मोडेल ते सांगायचं. नागपूरला स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करताना आपण आयुष्यभर मोडक्या वस्तू मोजणार आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं, पण काम वाईट नव्हतं. मग पन्नाशीला मी ती नोकरी सोडली आणि बेसबॉलच्या एका क्लबात लागले. नवरा म्हणाला, "काहून? तुला त्या खेळातलं काय समजते?"

"तुमच्या ब्रेकमधलं तरी काय समजत होतं? मोजता येते मला. तेवढं पुरते."

अकरा वर्षं पुरलं. क्लब दुसऱ्या राज्यात होता. मी घरून काम करायची आणि महिन्यातून एकदा विमानाने जाऊन तोंड दाखवून यायची. मंडळात मात्र दर गणपतीला वानखेडे काका तोच प्रश्न विचारायचे, "काय हो सुनंदाबाई, पोरांच्या पत्रिका मांडता म्हणे तुम्ही तिथं?" आमच्या बापाने आम्हा पाच भावंडांपैकी एकाचीही पत्रिका कधी मांडली नाही. लग्नं झाली आणि टिकलीही. त्यामुळे हा विनोद मला पहिल्या वर्षीही आवडला नाही आणि अकराव्या वर्षीही नाही. वानखेडे काकांसाठी म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

बेसबॉलचे जे मोठे क्लब टीव्हीवर दिसतात त्यांच्या खाली छोट्या टीमच्या पायऱ्या असतात. त्यांना मायनर लीग म्हणतात. अठरा-वीस वर्षांची पोरं तिथे येतात, लहान गावांतल्या मैदानांवर खेळतात, बसने तासन् तास प्रवास करतात आणि एकेक पायरी चढायला बघतात. बहुतेकांना शेवटची पायरी कधी दिसत नाही. दरवर्षी नवीन पोरं येतात, म्हणजे तितकीच जुनी जायला हवीत. कोण राहणार नि कोण जाणार हे ठरवायला क्लबाला एक यादी लागते. बॅटिंग करणाऱ्यांची ती यादी मी करायची.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ज्याचं ॲव्हरेज चांगलं तो चांगला. तिथेच गोम आहे. एखादा पोरगा सणसणीत मारतो आणि बॉल सरळ फिल्डरच्या हातात जातो. आउट. दुसऱ्याची बॅट नुसती घासते, बॉल कसाबसा दोघांच्या मधे टपकतो आणि तो पळत पहिला बेस, म्हणजे पहिला थांबा, गाठतो; ती झाली हिट. एका सीझनमध्ये अशा गोष्टी इतक्या होतात की ॲव्हरेज बघून पोरगा खरा कसा आहे ते कळतच नाही. म्हणून आम्ही फटक्याचा निकाल बघायचं सोडलं आणि फटका बघायला लागलो. मैदानात बॅटरच्या मागे, उंचावर, एक रडारचं यंत्र बसवलेलं असतं. बॅटवरून सुटताना बॉलचा वेग किती होता, तो किती वर गेला आणि कुठल्या दिशेला गेला हे ते टिपतं. जोरात आणि थोडासा वर गेलेला बॉल सगळ्यात चांगला. पायाशी लोळत गेलेला किंवा सरळ आभाळात चढलेला काही कामाचा नाही. असे काहीशे फटके जमले की पोराच्या मनगटात काय आहे ते समजतं. मग त्याचं वय बघायचं, पायरी बघायची, आधी येऊन गेलेल्या तसल्याच पोरांचं पुढे काय झालं ते बघायचं आणि तीन वर्षांनी हा कुठे असेल ते लिहायचं. आपली किती खात्री आहे तेही लिहायचं, पण तो कॉलम कुणी वाचत नाही.

माझ्या शीटवर मी पोरांची नावं लपवून ठेवायची. नुसता नंबर. नाव आलं की गाव येतं, फोटो येतो, तो कुणाचा लाडका आहे ते येतं. मला ते नको होतं. नंबराला चेहरा नसतो याचा मला अभिमान होता, आणि तो मी बोलूनही दाखवायची.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. क्लबाचा एक म्हातारा स्काउट होता, वॉल्ट. गावोगाव फिरून खेळाडू हेरायचे हे त्याचं काम. मीटिंगमध्ये तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "या बाईने कधी गवतावर पाय ठेवलाय का विचारा." आणि दुसऱ्या दिवशी हळूच फोन, "सू, तो शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा पोरगा, त्याचा आकडा काय आहे गं?" मी सांगायची. मग त्याच्या रिपोर्टात यायचं, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, या पोराच्या मनगटात लोखंड आहे.' लोखंड माझं, डोळे त्याचे! एकदा मी मुद्दाम चार दिवस फोन घेतला नाही, तर त्याचा रिपोर्टच चार दिवस उशिरा आला.

एकदा एका मैदानावर सगळीच पोरं अचानक जोरात मारायला लागली. आमचीही आणि समोरच्या टीमचीही. ऑफिसात आनंदीआनंद. मला काही ते पटेना. मी मैदान सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "हो, भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून ते रडारचं खोकं काढून परत बसवलं मी. का, काही झालं का?" झालं काही नाही बाप्पा, फक्त सोळा पोरं रातोरात पहिलवान झाली होती. त्या फोनबद्दल माझं फार कौतुक झालं. आपलं लक्ष किती बारीक आहे असं मलाही वाटलं. पण जास्त दिसलं की आपण शंका घेतो आणि कमी दिसलं की गपचूप मानून टाकतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

माझ्या चुकीची गोष्ट सांगायची तर अजून एक बाब समजून घ्यावी लागेल. यंत्राला प्रत्येक फटका दिसत नाही. अगदी सरळ वर गेलेले आणि बॅटरच्या पायाशी लोळणारे फटके त्यातून सुटतात. दोन्ही बेकार फटके. ते हिशेबातून गाळले तर असे फटके जास्त मारणारा पोरगा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, कारण त्याचे फक्त चांगलेच मोजले जातात. म्हणून मी एक नियम बसवला. यंत्राला जो फटका दिसला नाही तो लुळा धरायचा. सात-आठ मैदानांचे व्हिडिओ लावून मी तो तपासला आणि तो चोख निघाला. आमचा साहेब ब्रेंट याने मीटिंगमध्ये त्याला 'सू-रूल' असं नाव दिलं. घरी सांगितल्यावर नवऱ्याने त्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं होतं.

दुसऱ्या पायरीवरची आमची टीम दक्षिणेतल्या एका छोट्या गावात होती. तिथला बॅटिंग कोच हँक. त्याचा एकदा फोन आला. "सू, माझ्याकडे कोडी म्हणून एक पोरगा आहे. डावखुरा. तुझ्या लिस्टमध्ये तो इतका खाली का आहे?"

मी त्याच्याकडून पोराचा नंबर घेतला आणि शीट पाहिली. "कारण त्याच्या फटक्यात जोर नाही."

"जोर नाही? अगं, तो पहिल्या बेसच्या बाजूला मारतो ना, तेव्हा तिथला फिल्डर बाजूला उडी मारतो. बॉल पकडायला नाही, जीव वाचवायला."

"हँक, प्रत्येक कोचला आपलाच पोरगा जोरात मारतो असं वाटतं."

"तू एकदा येऊन बघ ना."

"मी बघून काय होणार? माझ्याकडे तीनशे फटके आहेत. तुझ्याकडे दोन डोळे."

हे उत्तर मला इतकं आवडलं होतं की मी ते नंतर दोघा-तिघांना ऐकवलं. हँकने त्या सीझनमध्ये तीनदा फोन केला. तिन्ही वेळा 'येऊन बघ' म्हणाला आणि तिन्ही वेळा मी त्याला उडवून लावलं.

सीझन संपल्यावर मी कोडीच्या नंबरापुढे दोन ओळी लिहिल्या. 'जोर बेताचा, फटके जमिनीलगत. बॅटचा स्विंग बदलून बॉल उचलायला शिकवावं, नाहीतर वरच्या पायरीवर टिकणार नाही.' अशा ओळी मी शेकड्यांनी लिहिल्या असतील. क्लबाने त्याप्रमाणे केलं. हिवाळाभर कोडीला बोलावून घेतलं, त्याचे हात बदलले, पाय बदलले, बॅटचा रस्ता बदलला. पुढच्या वर्षी त्याचे फटके वर जायला लागले आणि सगळे झेल व्हायला लागले. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये सीझनआधीच्या कॅम्पच्या शेवटी क्लबाने यादीवर रेघ मारली. त्याचा नंबर रेघेखाली होता. अशा पोराला सकाळी ऑफिसात बोलावतात, पाच मिनिटं बोलतात, आणि दुपारपर्यंत त्याने लॉकर रिकामा करायचा असतो. रेघ कुठे मारायची ते क्लब ठरवायचा. पण रेघेच्या वर कोण आणि खाली कोण, तो क्रम माझा होता.

चूक मला कशी सापडली ते सांगते. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. माझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी मी सगळे नियम लिहून काढत होते, प्रत्येक नियमाला एक उदाहरण. सू-रूलसाठी मी सहज एक ओळ उचलली आणि लिहायला लागले, 'हा बघा यंत्राला न दिसलेला फटका. तो लुळा होता, म्हणून दिसला नाही.' शेजारच्या कॉलममध्ये मैदानावर बसलेल्या स्कोअररने हाताने नोंद केलेली असते. तिथे लिहिलं होतं, डबल. म्हणजे बॅटर पळत दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. पायाशी लोळलेल्या बॉलवर?

असं क्वचित होतं. मी ती ओळ सोडली आणि त्याच मैदानातली दुसरी घेतली. तीही डबल. तिसऱ्या ओळीत नुसतं आउट होतं, पण स्कोअररने शेजारी लिहिलं होतं, 'बॉल पहिल्या बेसच्या फिल्डरच्या हाताला लागला, खेळ थांबवून उपचार.' हँकच्या फोनमधला तो उडी मारणारा फिल्डर आठवला. मी त्या मैदानातले सगळे न दिसलेले फटके वेगळे काढले. जवळजवळ सगळे पहिल्या बेसच्या बाजूला गेलेले, आणि डावखुऱ्यांचे; त्यांचा जोराचा फटका त्याच बाजूला जातो. सगळ्यात जास्त एकाच नंबराचे. त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कॉलम उघडून नाव वाचलं.

त्याच आठवड्यात मी तिथे गेले. प्रेक्षकांना बॉल लागू नये म्हणून हल्ली मैदानांवर जाळी लांबपर्यंत ओढतात. इथे ती ओढताना पहिल्या बेसच्या बाजूला एक जाडजूड लोखंडी खांब उभा केला होता, नेमका यंत्राच्या समोर. त्या बाजूला जमिनीलगत सणसणत गेलेला बॉल सुटताक्षणी खांबाआड जायचा आणि यंत्र तो सोडून द्यायचं. मग मी, इकडे मिशिगनमध्ये बसून, त्यापुढे 'लुळा' असं लिहायची. पाच वर्षांच्या लेकराला तिथे उभं केलं असतं तरी खांब दिसला असता. हँक शेजारी होता. त्या तीन फोनांची आठवण त्याने काढली नाही, त्याचे उपकार.

परत येऊन मी व्हिडिओवरून कोडीचे फटके एकेक करून मोजले. सगळे नाही जमले, पण जमले तेवढे पुरेसे होते. त्या पायरीवर सगळ्यात जोरात मारणाऱ्या पोरांत तो होता. जमिनीलगत, हो, पण असा जोर असला की कुणी हात लावत नाही त्या स्विंगला. इतर डावखुऱ्यांचे आकडेही बदलले, पण रेघ ओलांडून वर आला तो एकटा कोडी. त्याला काढून तेव्हा चार महिने झाले होते.

मी ब्रेंटकडे गेले. तो वाईट माणूस नाही. त्याने दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "गुड कॅच, सू. पुढच्यासाठी दुरुस्त करून टाक."

गुड कॅच! जशी काही दुसऱ्या कुणाची चूक मी पकडली होती. "त्या पोराला परत बोलावू या," मी म्हटलं.

"तो पंचवीसचा झाला. त्याचा जुना स्विंग राहिलेला नाही. त्याच्या जागी दुसरा आहे."

"मग निदान त्याला सांगू या. आमचं चुकलं म्हणून."

"सांगून काय होणार? आणि हे बघ, हा डेटा क्लबाचा आहे. बाहेर न्यायचा नाही म्हणून तू सही केलेली आहेस."

सही केली होती, हे खरं. अल्फारेटाला राहणाऱ्या माझ्या मुलीला फोनवर सांगितलं तर क्लब केस करेल म्हणून ती घाबरलीच. "आई, प्लीज डोन्ट. दे कॅन सू यू. अँड फॉर व्हॉट?" कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे होतं, फक्त ते इंग्रजीत सांगता येईना. गाड्यांच्या कंपनीत पार्टमध्ये दोष निघाला की ज्याने ज्याने ती गाडी घेतली त्याच्या घरी पत्र जातं. तुमच्या गाडीत आमच्याकडून हा दोष राहिला आहे, असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. तशी हजारो पत्रं माझ्या आकड्यांवरून गेली होती. आणि इथे एक जितंजागतं पोर, त्याला पत्र नाही.

तिसऱ्या दिवशी नवरा भांडी लावता लावता म्हणाला, "जायचं असेल तर जा. पण तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून जात असशील तर नको जाऊ. त्या पोट्ट्याला काय देणार आहे ते ठरव आणि मग जा."

त्याचं बरोबर होतं. मी ठरवलं. पहिलं, त्याच्या खांबाआड गेलेल्या फटक्यांची यादी. दुसरं, माझ्या सहीचा एक कागद. 'या खेळाडूच्या फटक्याचा वेग मी चुकीचा नोंदवला. तो खरा इतका होता. त्याला सोडण्याचा निर्णय माझ्या चुकीच्या आकड्यांवर झाला.' खाली माझं नाव, हुद्दा, अकरा वर्षं. तो घेऊन त्याने दुसऱ्या कुठल्याही क्लबाचं दार ठोठवावं. पंचवीस म्हणजे काही म्हातारपण नाही. माझ्यावर केस झाली तर होऊ दे. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी हँकला फोन करून विचारलं, कोडी कुठे असतो? तो टेक्ससमध्ये प्लेनोला होता, मुलांना बॅटिंग शिकवत. माझी नणंद प्लेनोलाच राहते.

नणंद म्हणाली, "अगं, ती जागा मला माहीत आहे. आमच्या शेजारची मुलगी जाते तिथे. पण असं उठून भेटता नाही येत, तास बुक करावा लागतो." मग केला बुक. वेबसाइटवर फॉर्म होता. वय, एकसष्ट. अनुभव, अजिबात नाही.

हायवेच्या कडेला दुकानांच्या रांगेत एक मोठं गोदाम, आत जाळ्यांचे लांब लांब पिंजरे. कोडी उंच, उन्हाने रापलेली मान, आवाज मऊ. त्याने माझ्या मागे पाहिलं. "नातू कुठे आहे, मॅम?"

"नातू नाही. मीच आहे."

पोरगा हसला नाही. त्याने सगळ्यात हलकी बॅट शोधून आणली, माझे हात कुठे ठेवायचे ते दाखवलं, गुडघे थोडे वाकवायला सांगितले. बॉल एका दांडीवर ठेवलेला, हलतसुद्धा नव्हता. पहिल्यांदा माझी बॅट हवेतून गेली. दुसऱ्यांदा बॉलला नुसती घासली. "छान, मॅम. नजर तिथेच ठेवा," तो म्हणाला. दहा मिनिटं मी तशीच बॅट फिरवत राहिले. शेवटी मी बॅट खाली ठेवली आणि मी कोण ते सांगितलं. "तो रिपोर्ट मी लिहिला होता."

"तुम्ही सू?" तो म्हणाला. "हँक म्हणायचा, वर एक सू आहे, तिला पटलं की झालं."

मी सगळं सांगितलं. खांब, यंत्र, माझा नियम, हँकचे तीन फोन. तो हातातला बॉल फिरवत ऐकत होता. मग मी यादी दिली. तो एका पालथ्या बादलीवर बसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. तारीख, बॉल टाकणारा पिचर, बॉल कुठे गेला. एका ओळीवर थांबला. "हा पावसानंतरचा. बॉल भिंतीला लागून इतका लांब उडाला की मी दुसऱ्या बेसवर चालत गेलो असतो तरी चाललं असतं." पुढची ओळ. "हा त्या पोराच्या हाताला लागला होता. मी नंतर त्याला सॉरी म्हणायला गेलो." तो प्रत्येक ओळीवर थांबत होता. माझ्या शीटवर त्या सगळ्या ओळींत एकच शब्द होता, आणि तो मी भरला होता.

"त्या हिवाळ्यात मी हँकला विचारलं होतं," तो म्हणाला. "माझ्या हातात खरंच जोर नाही का? तो म्हणाला, आहे. मलाही हाताला कळत होतं की आहे. पण कागदावर नव्हता. मी कागदाचं ऐकलं."

"चूक माझी होती, कोडी. मला माफ कर," मी म्हटलं आणि सहीचा कागद पुढे केला. "हा घे. कुठल्याही क्लबाला दाखव. मी फोनवरही सांगेन, कुणीही विचारू दे. अजून वेळ गेलेली नाही."

त्याने तो दोनदा वाचला. मग उठला, स्वतःची बॅट घेतली, शेजारच्या पिंजऱ्यात गेला आणि बॉल फेकणाऱ्या मशिनचा वेग वाढवला. "बघा, मॅम."

दहा बॉल त्याने मारले. काय आवाज होता! आकड्यात जो जोर मी नाकारला होता तो पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकला. पण दहाच्या दहा वर गेले आणि छताच्या जाळीत अडकून खाली पडले. उघड्या मैदानात ते दहा झेल झाले असते. मग तो म्हणाला, "आता जुना मारतो." त्याने पाय सरकवले, हात खाली आणले. बॉल छताला. पुन्हा पाय बदलले. छताला. सात-आठ वेळा करून बघितलं त्याने.

"नवी सवय जात नाही," तो मशिन बंद करत म्हणाला. "हिवाळाभर रोज सकाळी करून घेतलं त्यांनी. रोज रात्री घरी आल्यावर मी पुन्हा करायचो, तुमच्या लिस्टमध्ये वर जायचं म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडायला लागले, अगदी हमसून. तो जाऊन कागदी टॉवेल घेऊन आला आणि मी गप्प होईपर्यंत उभा राहिला.

माझा तास संपला होता. पुढच्या तासाची मुलगी हेल्मेट घालून आईबरोबर दारात येऊन थांबली होती. कोडीने यादी घडी करून मला परत दिली. "ही तुम्ही ठेवा, मॅम. हे सगळे मला पाठ आहेत."

सहीचा कागद त्याने खिशात घातला.

"हा ठेवतो मी. क्लबांसाठी नाही. माझ्या वडिलांना दाखवायचाय. ते अजून विचारतात मला, तू जोर का नाही लावलास म्हणून."